झोपेत मेंदू ‘बंद’ होत नाही
डोळा लागला की मेंदूही बंद पडतो, हा समज वर्षानुवर्षं चालत आलाय. तो साफ चुकीचा आहे. १९५३ साली शिकागो विद्यापीठातल्या युजीन ॲसरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी झोपेतल्या डोळ्यांच्या जलद हालचालींची नोंद प्रसिद्ध केली. अशा हालचाली होतात त्या ‘रेम’ (रॅपिड आय मूव्हमेंट) झोपेतला ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, पाहा: बुटक्या, भरभर लाटा, जवळपास जागेपणासारख्याच. पापण्यांखाली बुबुळं भिरभिरत असतात, हातापायांचे स्नायू मात्र पार सैल.

पण म्हणून ‘मेंदू तेव्हा जागाच असतो’ असं म्हणणंही बरोबर नाही. रेम झोपेत भावनांशी निगडित असलेला मेंदूचा भाग, अमिग्डाला, जोरात असतो. तर्क सांभाळणारा कपाळामागचा भाग मात्र मंदावतो. नॉरॲड्रेनलिन या मेंदूतल्या रसायनाचा स्राव जवळजवळ थांबतो, ॲसिटिलकोलीन हे दुसरं रसायन मात्र भरपूर असतं. स्वप्नातली अशक्य गोष्ट तेव्हा खटकत नाही, ती बहुधा यामुळेच.