इंग्लिश फुटबॉलवरील पैजा

इंग्लंडमधील व्यावसायिक फुटबॉल सामन्यांच्या निकालांवर पैसे लावण्याचा व्यवहार. आज त्याचा मुख्य विषय प्रीमियर लीग ही सर्वोच्च श्रेणीची स्पर्धा आहे (स्थापना १९९२, १९९५-९६ पासून २० संघ व हंगामात ३८० सामने). मात्र पैजांचा इतिहास या स्पर्धेहून बराच जुना असून तो १८८८ मध्ये बारा संघांनिशी सुरू झालेल्या फुटबॉल लीगपर्यंत मागे जातो. ब्रिटनमध्ये हा धंदा परवान्याने चालतो, त्यावर कर आहे आणि अठरा वर्षांखालील व्यक्तींना पैज लावता येत नाही.

पैजांचे मूलतः दोन प्रकार आहेत. ठरीव भावाच्या पैजेत बुकी आधी भाव सांगतो आणि निकाल लागल्यावर त्याच भावाने पैसे चुकवतो. अंदाज चुकला तर खड्डा त्याच्या खिशाला. पूल या प्रकारात सर्वांचे पैसे एका गल्ल्यात जमा होतात, चालक आपला वाटा काढून घेतो आणि उरलेली रक्कम अचूक अंदाज करणाऱ्यांत वाटली जाते. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर बुकी आणि टोटची खिडकी यांत जो भेद आहे, तोच हा.

उगम : या पैजा नेमक्या कोणी सुरू केल्या याविषयी एकमत नाही. वादाचे मूळ असे, की कूपन, ठरीव भाव आणि पूल या तीन स्वतंत्र गोष्टींचा उगम बहुधा एकच धरून शोधला जातो. त्यांपैकी कूपन सर्वांत जुने. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत उत्तर इंग्लंडमधील वृत्तपत्रे शनिवारच्या सामन्यांचे निकाल ओळखण्याच्या स्पर्धा छापीत; कापून पाठवायचा तो चतकोर कागद म्हणजेच कूपन. ठरीव भावाची कूपने पहिल्या महायुद्धापूर्वी रुळली असावीत. त्यांचा एक अप्रत्यक्ष पण भक्कम पुरावा १९१५ च्या गुड फ्रायडेला (२ एप्रिल) ओल्ड ट्रॅफर्डवर झालेल्या मँचेस्टर युनायटेड-लिव्हरपूल सामन्यात सापडतो. युनायटेडने तो २-० असा जिंकला आणि नेमक्या त्याच गोलसंख्येवर एकास सात या भावाने मोठ्या रकमा लागल्याचे उघडकीस आले. चौकशीअंती दोन्ही संघांतील मिळून सात खेळाडूंवर आजन्म बंदी आली. म्हणजे केवळ हारजीतच नव्हे, तर अचूक गोलसंख्येवरही छापील भाव तेव्हा मिळत होता. (बंदी घातलेल्यांपैकी बहुतेकांना १९१९ मध्ये माफी मिळाली, सँडी टर्नबुल तोवर युद्धात कामी आले होते, आणि सतत निर्दोषत्व सांगणारे इनॉक वेस्ट यांची बंदी १९४५ पर्यंत टिकली.)

पूलचे श्रेय सामान्यतः लिव्हरपूलचे जॉन मूर्स यांना दिले जाते. मँचेस्टरमधील एका केबल कंपनीत तारखात्याचे काम करणाऱ्या मूर्स यांनी कॉलिन ॲस्कम व बिल ह्यूज या दोन सहकाऱ्यांसह १९२३ मध्ये ‘लिटलवुड्स’ हा पूल काढला. नोकरीवर गदा येऊ नये म्हणून ॲस्कम यांचे जन्माचे आडनाव (लिटलवुड) पेढीला देण्यात आले. प्रचलित हकीगत अशी, की ओल्ड ट्रॅफर्डबाहेर ४,००० कूपने वाटली, त्यांतील ३५ परत आली. पुढे हल या शहरात १०,००० वाटली आणि एकच परत आले. भागीदारांनी धीर सोडला व मूर्स यांनी त्यांचे हिस्से विकत घेतले. या आकड्यांचा आधार बहुतांशी पेढीच्या स्वतःच्या आठवणी हाच आहे, हे ध्यानात ठेवलेले बरे. याच्या आधी, साधारण १९२२ मध्ये, बर्मिंगहॅमचे जॉन जर्व्हिस बर्नार्ड यांनी जमा रकमेतून खर्चापुरता दहा टक्के वाटा काढून बाकीचे विजेत्यांत वाटण्याची पद्धत फुटबॉलला लावली होती आणि मूर्स यांना कल्पना तेथूनच सुचली, असे दुसरे मत आहे. तत्त्व म्हणून पाहिले तर तेही नवे नव्हते. घोड्यांच्या शर्यतींसाठी जोझेफ ओलेर यांनी पॅरिसमध्ये १८६० नंतरच्या दशकातच ते अंमलात आणले होते. एकूण पाहता कल्पनेचा मान बर्नार्ड यांना आणि ती टपालखात्याच्या जोरावर घरोघर पोहोचवण्याचा मान मूर्स यांना देणे अधिक सयुक्तिक वाटते.

पूलच्या भरभराटीमागे कायद्याचा हातभार मोठा होता. १८५३ च्या कायद्याने रोखीच्या पैजांची घरे बंद केली आणि १९०६ च्या कायद्याने रस्त्यावरच्या पैजा. उधारीचे खाते असलेला सधन माणूस मात्र बुकीशी बिनदिक्कत व्यवहार करू शकत होता. बंधन आले ते कामगारावर. १९२० च्या खास फुटबॉलविषयक कायद्याने आगाऊ रोख घेऊन चालणारा धंदा निषिद्ध ठरवला. पूलचालकांनी त्यातून पळवाट काढली : कूपन या आठवड्यात, त्याचे पैसे पुढच्या आठवड्यात. कागदोपत्री ही उधारी झाली. १९३६ च्या आरंभी लीगच्या चालकांनी पूल मोडण्यासाठी सामन्यांचे वेळापत्रक गुप्त ठेवून पाहिले. पण सामना कोठे आहे हे पूलवाल्यांइतकेच प्रेक्षकांनाही कळेना. मैदाने ओस पडली आणि दोन आठवड्यांत बेत सोडून द्यावा लागला. १९५९ मध्ये न्यायालयाने वेळापत्रकावर लीगचा स्वामित्वहक्क मान्य केल्यावर वैर संपले आणि पूलवाले लीगला मोबदला देऊ लागले.

ट्रेबल चान्स : १९४६ मध्ये सुरू झालेला हा पूलचा सर्वांत लोकप्रिय प्रकार. कूपनावरील सामन्यांतून आठ निवडायचे. बरोबरीला तीन गुण, इतर निकालांना त्याहून कमी, आणि आठही बरोबऱ्या साधल्या तर २४ गुण. गुणांची पद्धत पुढे अनेकदा बदलली. बिनगोल बरोबरी आणि गोल होऊन झालेली बरोबरी यांत फरक करण्यात आला. दहा सामने निवडून त्यांतील आठ-आठांचे सर्व गट खेळायचे झाले तर ४५ ओळी होतात, अकरा निवडले तर १६५. याला ‘पर्म’ म्हणत व घरातले शाळकरी पोर गणितात हुशार असेल तर हे काम त्याच्याकडे जाई. ४९ सामन्यांच्या कूपनातून आठांचे एकूण ४५,०९,७८,०६६ गट संभवतात. पण बक्षिसाची रक्कम या आकड्यापेक्षा त्या शनिवारी बरोबऱ्या किती पडल्या यावर अधिक अवलंबून असे : बरोबऱ्या मोजक्या, तर विजेते मोजके आणि वाटणी घसघशीत. १९६१ मध्ये कासलफर्डच्या कीथ निकल्सन यांना मिळालेले १,५२,३१९ पौंड त्या काळी देशभर गाजले.

१९६२-६३ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात मैदाने गोठली, आठवड्यामागून आठवडे सामने रद्द होऊ लागले आणि पूल बुडायची वेळ आली. तेव्हा २६ जानेवारी १९६३ रोजी लंडनमध्ये एक पंचमंडळ बसवण्यात आले : अध्यक्ष लॉर्ड ब्रॅबझन, सदस्यांत टॉम फिनी, टॉमी लॉटन, टेड ड्रेक, जॉर्ज यंग हे माजी खेळाडू व आर्थर एलिस हे पंच. न झालेल्या सामन्यांचे निकाल त्यांनी चर्चेने ठरवले आणि त्या निकालांवर खरे पैसे वाटले गेले. ही प्रथा पुढेही टिकली. उन्हाळ्यात इंग्लिश हंगाम बंद असताना कूपनावर ऑस्ट्रेलियातील सामने छापले जात. नोव्हेंबर १९९४ मध्ये राष्ट्रीय लॉटरी सुरू झाली आणि पूलला उतरती कळा लागली.

भाव आणि बुकीचा वाटा : पैजेची दुकाने १ मे १९६१ पासून कायदेशीर झाली आणि ठरीव भावाचा व्यवहार वाढला. भाव दोन रीतींनी लिहितात. ५/२ म्हणजे दोन पौंडांवर पाच पौंड नफा. हाच भाव दशांश रीतीने ३.५० होतो, कारण त्यात लावलेली रक्कमही धरलेली असते. एक काल्पनिक सामना घेऊ : यजमान संघ २.१०, बरोबरी ३.४०, पाहुणा संघ ३.५०. प्रत्येक भावाने १०० ला भागले की त्यात गृहीत धरलेली शक्यता मिळते : ४७.६, २९.४ व २८.६ टक्के. बेरीज १०० यायला हवी, ती येते १०५.६. वरचे हे ५.६ म्हणजे बुकीचा वाटा. भाव छापला तेव्हाच तो त्यात मुरलेला असतो. नवख्याने संघांचा अभ्यास करण्याआधी ही बेरीज करावी, कारण अंदाज बुकीइतकाच चांगला असला तरी दीर्घ काळात शंभरामागे सुमारे पाच जातातच.

साखळी पैजेत (तेथे तिला ‘ॲक्युम्युलेटर’ किंवा नुसते ‘ॲका’ म्हणतात) पहिल्या सामन्याची मिळकत आपोआप दुसऱ्यावर लागते, दुसऱ्याची तिसऱ्यावर. भावांचा गुणाकार होतो म्हणून ती आकर्षक दिसते. पण वाट्याचाही गुणाकार होतो. वरच्यासारख्या पाच सामन्यांची साखळी केली तर शंभरामागे सरासरी तोटा पाचावरून चोविसाच्या घरात जातो. दुकाने साखळी पैजांच्याच जाहिराती अधिक का करतात, याचे उत्तर यात आहे. गंमत म्हणजे पूर्वी साखळी ही सक्ती होती. संगनमताच्या धास्तीने बुकी एकाच सामन्यावर पैज घेत नसत; किमान तीन सामने जोडावे लागत. थेट प्रक्षेपणाच्या सामन्यांपुरती सवलत आधी मिळाली, मग सक्ती हळूहळू गळून पडली.

निकाल नियमित ९० मिनिटे व पंचांनी वाढवून दिलेला वेळ यांपुरता धरतात. चषक स्पर्धेतील जादा वेळ धरत नाहीत. आशियाई हँडिकॅपमध्ये बलवान संघाला गोलांचे ओझे देऊन बरोबरीचा पर्याय काढून टाकतात. उणे ०.७५ असेल तर अर्धे पैसे उणे ०.५ वर व अर्धे उणे १ वर लागतात; संघ एकाच गोलने जिंकला तर पहिला अर्धा भाग जिंकतो, दुसरा नुसता परत मिळतो. पद्धत इंडोनेशियाकडची, तिचे इंग्रजी नाव १९९८ मध्ये जो सोमारेझ स्मिथ या पत्रकाराने रूढ केले असे मानतात. बेटफेअर (२०००) या विनिमय-केंद्राने बुकीच मधून काढला : एक ग्राहक पैज लावतो, दुसरा ती घेतो. आपल्याकडील क्रिकेट सट्ट्यातील ‘लगवाडी-खायवाडी’ ज्याला ठाऊक आहे, त्याला यात नवे काही नाही.

भाव आता संख्याशास्त्रावर बेततात. संशोधक माहेर (१९८२) यांनी प्रत्येक संघाच्या आक्रमणाला व बचावाला स्वतंत्र मूल्य देऊन गोलसंख्येला प्वासाँ वितरण (ठरावीक काळात एखादी घटना किती वेळा घडेल याची शक्यता देणारे सूत्र) लावले. डिक्सन व कोल्स (१९९७) यांनी ०-०, १-०, ०-१ आणि १-१ या निकालांसाठी त्यात दुरुस्ती केली आणि अलीकडच्या सामन्यांना अधिक वजन दिले. अशा प्रारूपांनाही मर्यादा आहेत : २०१५-१६ च्या हंगामाआधी लेस्टर सिटीच्या विजेतेपदाला काही बुकींनी एकास ५,००० भाव दिला होता, म्हणजे शक्यता ०.०२ टक्के, आणि लेस्टर जिंकले. हा भाव हिशेबाने निघाला होता की हौशी गिऱ्हाइकांसाठी ठेवलेला शोभेचा आकडा होता, याबद्दल शंका घेण्यास जागा आहे. दुसरी शक्यता अधिक पटते.

गैरव्यवहार व नियंत्रण : १ डिसेंबर १९६२ रोजी शेफील्ड वेन्झडेच्या पीटर स्वॉन, टोनी के व डेव्हिड लेन यांनी इप्सविचविरुद्ध स्वतःच्याच संघाच्या पराभवावर पैसे लावले. सामना ०-२ असा गेला. १९६४ मध्ये वृत्तपत्राने प्रकरण बाहेर काढले आणि जानेवारी १९६५ मध्ये दहा जणांना तुरुंगवास झाला. सूत्रधार जिमी गॉल्ड यांना चार वर्षे. ऑगस्ट २०१४ पासून वरच्या श्रेण्यांतील खेळाडू व कर्मचारी यांना जगातील कोणत्याही फुटबॉल सामन्यावर पैज लावण्यास मनाई आहे; २०२३ मध्ये आयव्हन टोनी यांच्यावर २३२ उल्लंघनांसाठी आठ महिन्यांची बंदी आली. २००५ चा जुगार अधिनियम १ सप्टेंबर २००७ पासून पूर्णतः लागू झाला आणि पैजेचे देणे न्यायालयातून वसूल करता येऊ लागले; १८४५ पासून ते शक्य नव्हते. क्रेडिट कार्डाने पैसे लावण्यास एप्रिल २०२० पासून बंदी आहे. प्रीमियर लीगच्या संघांनी २०२५-२६ च्या हंगामानंतर सदऱ्याच्या दर्शनी भागावर पैजेच्या कंपन्यांची नावे न घेण्याचे ठरवले. बाहीबद्दल मात्र या ठरावात काही नाही.

भारतात अशा पैजांना मुभा नाही. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक अधिनियम लागू असून त्यातून परवानाप्राप्त घोड्यांच्या शर्यती तेवढ्या वगळल्या आहेत. वृत्तपत्री कूपनांच्या बक्षीस स्पर्धांवर मुंबई राज्याने बसवलेल्या कराचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा १९५७ च्या चमारबागवाला निकालात जुगाराला व्यापाराचे घटनात्मक संरक्षण नाही, असे ठरले. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर, त्यांच्या जाहिरातींवर व त्यांसाठीच्या बँक-व्यवहारांवर देशभर बंदी घातली आहे.