आमवाताची गोळी स्वस्त, मग घर कर्जात का?

कापूस वेचायला अंगठा आणि दोन बोटं लागतात. आमवात बहुतेक वेळा आधी हीच पेरं धरतो, मग मनगट. माझी काकू यवतमाळ जिल्ह्यातली, रोजाने वेचणीला जाणारी. सकाळी तास-दीड तास तिची मूठ वळत नसे. परातीत पीठ तसंच राही आणि भाकर लेक थापायची.

गावात याला 'वात' म्हणतात. वात म्हटलं की म्हातारपणाचे झिजलेले गुडघे, २००६ च्या साथीतली चिकनगुनियाची सांधेदुखी, पूर्व विदर्भातलं सिकलसेलचं दुखणं, सगळं एकाच पोत्यात. आमवात वेगळा आहे. शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते आणि औषध वेळेत मिळालं नाही तर हाड कुरतडलं जातं. पहिले काही महिने सगळ्यात मोलाचे, आणि आपल्याकडे नेमके तेच 'सुई' घेण्यात जातात.

या सुईला इतिहास आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताने आखडलेल्या एका तरुण बाईला कॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिलं. काही दिवसांत ती चालू लागली. १९५० मध्ये हेंच, केंडॉल आणि राइकश्टाइन यांना नोबेल मिळालं. पण औषध थांबवलं की दुखणं परत येतं, आणि चालू ठेवलं तर हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते, चेहरा सुजतो, हे लवकरच कळलं. डॉक्टरांच्या देखरेखीत, कमी मात्रेत, थोड्या दिवसांसाठी स्टेरॉइड आजही उपयोगाचं आहे. गावोगावी मिळतं ते असं नसतं. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची सुई किंवा बिननावाची पुडी घेतली की दुसऱ्या दिवशी बाई वावरात हजर होते. ज्याची मजुरी रोजची, त्याला हेच औषध खरं वाटणार. त्यात त्या बाईचा दोष मी धरत नाही.

आजार खरोखर आवरणारी गोळी त्याच सुमाराच्या संशोधनातून आली. भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ले कंपनीत होते. त्यांच्या गटाने जीवनसत्त्व असलेल्या फॉलिक अ‍ॅसिडला अडवणारी औषधं तयार केली, आणि १९४७-४८ मध्ये अमेरिकेतले डॉक्टर सिडनी फार्बर यांनी त्यातलं अमिनॉप्टेरिन रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांना दिलं. १९५१ मध्ये तेच औषध आमवातातही उपयोगी पडताना दिसलं, पण कॉर्टिसोनच्या झगमगाटात त्याकडे कोणी फारसं वळलं नाही. त्याचंच भावंड असलेलं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा, थोड्या मात्रेत दिलं तर आमवात आटोक्यात राहतो, हे १९८५ च्या चाचण्यांत पक्कं झालं आणि १९८८ मध्ये अमेरिकेत त्याला या आजारासाठी मान्यता मिळाली. तोवरची रीत अशी होती की आधी वर्षानुवर्षं वेदनाशामकं द्यायची आणि जोरकस औषध शेवटी काढायचं. नव्वदच्या दशकात ही रीत उलटली. आमच्या भागात ती पुरती उलटलेली नाही.

स्वस्त म्हणजे हलकं, हा समज मला सगळ्यात जास्त सलतो. मेथोट्रेक्सेट स्वस्त आहे कारण ते जुनं आहे, त्यावर कोणाचं पेटंट नाही. जगभर आजही आमवाताचा उपचार बहुधा त्याच्यापासूनच सुरू होतो. १९७० च्या आपल्या पेटंट कायद्याने औषधावर नव्हे तर फक्त बनवण्याच्या पद्धतीवर हक्क दिला, त्यामुळे भारतीय कंपन्यांनी कितीतरी औषधं कमी दरात आणली. २००५ मध्ये ती मोकळीक गेली. मेथोट्रेक्सेट, हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन आणि सल्फासालाझिन या आमवाताच्या जुन्या गोळ्या राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहेत आणि यादीतल्या औषधांच्या कमाल किमती सरकार ठरवतं. २००८ पासून जनऔषधी दुकानं आली. या जुन्या गोळ्यांचा महिन्याचा खर्च काहीशे रुपयांत बसतो. त्या पुरल्या नाहीत तरच जिवंत पेशींपासून बनवलेल्या, म्हणजे जैविक, इंजेक्शनांचा विचार होतो. अ‍ॅडालिमुमॅब या त्यातल्या एका इंजेक्शनाची स्वस्त प्रतिकृती जगात पहिल्यांदा डिसेंबर २०१४ मध्ये भारतातच बाजारात आली, तरी तिचा खर्च हजारोंच्या घरात. शिवाय क्षयरोग तपासल्याशिवाय ती देत नाहीत.

मग घर कर्जात का जातं? सरकारी आरोग्य योजनेचं कार्ड ज्या कामासाठी बनलं, ते काम वेगळं होतं म्हणून. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ ला आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत अमरावती आणि गडचिरोली होते. कुटुंबामागे दीड लाखाचं संरक्षण, शस्त्रक्रिया आणि ठरावीक उपचारांची यादी. पुढे ती राज्यभर गेली, २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं, आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांतल्या शुभ्र रेशनकार्डाच्या शेतकऱ्यांनाही घेतलं. २०१८ मध्ये आयुष्मान भारत आलं, पाच लाखांचं. २०२४ पासून फुले योजनाही पाच लाखांची आणि सगळ्यांसाठी. टप्प्याटप्प्याने रक्कम वाढली, माणसं वाढली. भरती व्हावं लागतं ही अट राहिली. आमवाताचा माणूस भरती होत नाही. तो दर महिन्याला गोळ्या घेतो, ठरावीक काळाने रक्त तपासतो आणि एसटीने घरी जातो. आयुष्मानच्या यादीत गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया आहे. तो गुडघा वाचवणारी गोळी मात्र आपल्या खिशातून.

विम्याची दुसरी कल्पनाही विदर्भातच जन्मली होती. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आसपासच्या गावांत ज्वारीवर चालणारा आरोग्य विमा उभा केला. सुगीच्या वेळी घराघरातून ज्वारी गोळा व्हायची. ज्याच्या हातात पैसा नाही पण कणगीत धान्य आहे, त्याच्या हिशोबाने आखलेली योजना होती ती. राज्याच्या योजना आखताना रुग्णालयाचं बिल डोळ्यापुढे होतं, घरची कणगी नव्हती.

काकूला तीन वर्षांनी मेथोट्रेक्सेट मिळालं. डॉक्टरांनी विचारलं, तुमच्याकडे बाजार कोणत्या वारी? ती म्हणाली, बुधवारी. मग बुधवारीच गोळी, एरवी नाही, आणि फॉलिक अ‍ॅसिड दुसऱ्या दिवशी. हे नीट सांगणं फार गरजेचं. आठवड्याची गोळी रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत. दारू नको, गरोदरपणात तर ही गोळी अजिबात नको, आणि यकृताची व रक्ताची तपासणी चुकवायची नाही.

मार्च २०२० मध्ये करोनावर चालेल म्हणून हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनवर झुंबड उडाली. सरकारने २५ मार्चला निर्यात थांबवली, पण तालुक्याच्या मेडिकलमधला साठा संपलेला होता. काकू घेत असलेली ही गोळी तिला दोन महिने मिळाली नाही आणि पेरं पुन्हा सुजली.

ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि औषधं मोफत झाली. तेव्हापासून ती आधी ग्रामीण रुग्णालयाच्या खिडकीवर विचारते, तिथे नसेल तर जनऔषधीत, तिथेही नसेल तर मेडिकलमध्ये घटकाचं नाव लिहिलेली चिठ्ठी दाखवते. चिठ्ठी रेशनकार्डाच्या प्लास्टिकमध्ये असते. आरोग्य कार्डही त्यातच आहे, घडीसुद्धा न मोडलेलं.