कोनाचे तीन समान भाग: कंपासला न जमणारे, घडीला जमणारे

‘कोनाचे दोन समान भाग करता येतात, तीन करता येत नाहीत.’ भूमितीच्या तासाला हे वाक्य बहुतेकांनी ऐकलेले असते, आणि ते अर्धेच असते. ‘फक्त कंपास आणि खुणा नसलेली पट्टी वापरून’ ही अट वाटेत कुठेतरी गळून पडते. त्या अटीसह विधान पक्के आहे: वाटेल त्या कोनाला चालेल अशी रीत नाही. प्येर वाँत्झेल या फ्रेंच गणितज्ञाने १८३७ मध्ये ते सिद्ध केले, त्यामुळे ‘मला कंपासने जमले’ असे कोणी सांगू लागला तर त्याची आकृती न पाहताही त्यात चूक आहे असे म्हणता येते. पण कंपासपेटी बाजूला ठेवून नुसता चौकोनी कागद घेतला, तर हेच काम घड्यांनी होते. अंदाजे नव्हे, तंतोतंत.

ओरिगामी म्हटले की आपल्याला क्रौंच पक्षी आणि उड्या मारणारा बेडूक आठवतो. त्यापलीकडे या छंदाच्या बऱ्याच शाखा आहेत. अकिरा योशिझावा (१९११–२००५) यांनी जाड कागद किंचित ओलसर करून घडी घालण्याची पद्धत रूढ केली. तिच्यातून प्राण्यांच्या अंगाला मऊ गोलाई येते. कोणी एकसारखे तुकडे दुमडून, डिंकाशिवाय एकमेकांत अडकवून गोल आणि घन बांधतात. कोणी एकाच कागदावर जाळीसारखी नक्षी उठवतात. कात्री चालवली की त्याला किरिगामी म्हणतात, आणि सोवळे पाळणारे ओरिगामीकार तिला आपल्यात घेत नाहीत. ‘ओरिगामीने उजवा मेंदू जागा होतो’ अशा जाहिरातींवर मात्र पैसे घालवू नका. हात आणि नजर सरावाने तयार होतात, तेवढा फायदा पुरेसा आहे.

मला सगळ्यांत प्रिय आहे ती शाखा, जिच्यातून कुठलाच आकार तयार होत नाही. नुसत्या घड्यांच्या रेघा आणि त्यांचे गणित. भारतात याची एक जुनी पाऊलखूण आहे. टी. सुंदर राव यांनी १८९३ मध्ये मद्रासहून कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारे इंग्रजी पुस्तक काढले. बालवाडीतल्या मुलांच्या कागदकामावरून ते त्यांना सुचले होते. पुढे फेलिक्स क्लाइन या जर्मन गणितज्ञाने त्याचा आवर्जून उल्लेख केला.

आता कागद घ्या. पतंगाचा असेल तर उत्तम, कारण त्यातून पलीकडची रेघ दिसते. चौरसाच्या खालच्या डाव्या कोपऱ्याला अ म्हणू. अ मधून वर उजवीकडे जाणारी एक तिरकी घडी घाला. खालची कड आणि ही तिरपी रेघ यांच्यातला कोन आपल्याला तिभागायचा आहे. समजा तो ६० अंशांचा आहे.

खालची कड वरच्या कडेला टेकवून कागद निम्मा दुमडा आणि उघडा. मग खालची कड या मधल्या घडीला टेकवून पुन्हा दुमडा आणि उघडा. खाली एकसारख्या रुंदीच्या दोन आडव्या पट्ट्या तयार झाल्या. डाव्या कडेवर खालच्या घडीचे टोक प, मधल्या घडीचे फ. म्हणजे खालून वर अ, प, फ. (कोन लहान असेल तर पट्ट्या अरुंद घ्या, नाहीतर पुढची घडी कागदात मावत नाही.)

खरी घडी आता येते. डावा खालचा भाग उचला आणि एकाच वेळी दोन गोष्टी साधा: अ हा बिंदू खालच्या आडव्या घडीवर पडला पाहिजे आणि फ हा तिरप्या रेघेवर. कागद थोडा सरकवत राहावे लागते. दोन्ही जुळले की दाबून घडी पक्की करा. अ, प, फ जिथे पडले तिथे क, ख, ग अशा खुणा करा आणि कागद उघडा. अक आणि अख जोडा. ६० अंशांच्या कोनाचे २०-२०-२० असे तीन भाग झालेले असतील.

का, ते दहावीच्या भूमितीत बसते. क मधून खालच्या कडेवर लंब टाका, त्याचा पाया घ. डाव्या कडेवर अप आणि पफ एकेका पट्टीएवढे होते, म्हणून दुमडल्यावर कख आणि खग तेवढेच. कघ हीसुद्धा एका पट्टीची उंची. दुमडण्यापूर्वी पक ही आडवी रेघ डाव्या कडेला लंब होती. घडी म्हणजे आरसा: त्यात प चा ख होतो, क चा अ होतो आणि डावी कड कग वर जाते. म्हणून अख हा कग ला लंब आहे. आता अखग आणि अखक हे त्रिकोण बाकोबा कसोटीने एकरूप. अखक आणि अघक कर्णभुजा कसोटीने एकरूप. तिन्ही त्रिकोणांचे अ पाशी असलेले कोन समान. ही रचना जपानच्या हिसाशी आबे यांची.

कंपासला जे जमत नाही ते या एका घडीला कसे जमले? इथून पुढे थोडे बीजगणित लागते. २० अंशांच्या कोसाइनला क्ष म्हटले तर ८क्ष³ − ६क्ष − १ = ० हे समीकरण सोडवावे लागते. ते घनसमीकरण आहे आणि सोप्या अवयवांत मोडत नाही. कंपास-पट्टीने बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि वर्गमूळ एवढेच काढता येते. वर्गमुळांची कितीही उतरंड रचली तरी तिच्यातून हा क्ष निघत नाही.

एक बिंदू एका रेषेवर आणणारी घडी मात्र नेहमी एका अन्वस्ताची (पॅराबोलाची) स्पर्शिका असते. खालच्या कडेजवळ एक ठिपका काढा, कड वेगवेगळ्या ठिकाणी त्या ठिपक्यावर आणून पंधरा-वीस घड्या घाला. अन्वस्त डोळ्यांसमोर उमटते. आपल्या घडीने दोन बिंदू दोन रेषांवर एकदम आणले, म्हणजे ती दोन अन्वस्तांची सामाईक स्पर्शिका झाली. अशा स्पर्शिका जास्तीत जास्त तीन असू शकतात, आणि त्यांचा चढ काढायला घनसमीकरणच सोडवावे लागते. कागद सरकवताना बोटे ते सोडवत असतात. १९३६ मध्ये इटलीच्या मार्गेरिता बेलोक यांनी हे दाखवले; पण पुढची कित्येक दशके त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

याच घडीने २ चे घनमूळ काढता येते, म्हणजे घनाचे घनफळ दुप्पट करता येते. हा प्रश्न ग्रीक आख्यायिकेत रोगाची साथ घेऊन येतो: डेलोस बेटाची वेदी दुप्पट करा म्हणजे साथ जाईल, असा कौल मिळाला. वेदीच्या मापाने साथ हटत नसते, हे आज तरी सांगायची गरज पडू नये. पण त्या कौलाने गणितज्ञांना दोन हजार वर्षे काम दिले.

घडीलाही मर्यादा आहे. सुसम सप्तकोन आणि नवकोन कंपासने नेमके निघत नाहीत, घडीने निघतात. सुसम अकराकोन एकेक घडी घालून निघत नाही, कारण तिथे समीकरण पाचव्या घाताचे येते. त्यासाठी दोन घड्या एकाच वेळी, एकमेकींशी जुळवत घालाव्या लागतात. रॉबर्ट लँग या अमेरिकी ओरिगामीकाराने तशा घड्यांनी कोनाचे पाच समान भाग करून दाखवले आहेत. हे करताना कागद चार ठिकाणी धरावा लागतो. सोबत कोणीतरी बसवून घ्या.