लंपन
लंपन हा प्रकाश नारायण संत यांच्या कथांमधला मुलगा. त्याची चार पुस्तकं आहेत, वनवास (१९९४), शारदा संगीत (१९९७), पंखा (२००१) आणि झुंबर (२००४), चारही मौज प्रकाशनाची. कथासंग्रह म्हणूनच ती ओळखली जातात, पण मुलगा तोच, घर तेच, गाव तेच आणि पुस्तकागणिक तो जरा जरा मोठा होत जातो, त्यामुळे ओळीने वाचली तर एक मोठी कादंबरी वाचल्यासारखंच होतं, आणि माझं तर म्हणणं आहे की तशीच वाचावीत.

लंपन आजी-आजोबांकडे राहतो. आईबाबा दुसऱ्या गावाला. घरात लाड आहेत, खाणंपिणं आहे, आजोबांचा आधार आहे, आजीची जीभ तिखट आहे पण तिचा सगळा जीव या पोरात आहे, तरी आईची आठवण यायची ती येतेच आणि ती कोणाला धड सांगताही येत नाही. पहिल्या पुस्तकाचं नाव वनवास आहे ते यासाठी. लहान मुलाला एका घरातून उचलून दुसऱ्या प्रेमळ घरात ठेवलं तरी आत काहीतरी तुटतं, हे मराठीत इतक्या हळुवारपणे फार कमी लोकांनी लिहिलंय.

गाव बेळगावकडच्या भागातलं, म्हणजे मराठी घरात कानडी शब्द सहज फिरतात, मित्रांची नावंच बघा ना, कणबर्गी गंग्या, जंब्या कटकोळ, एसक्या. ही पोरं भांडतात, भटकतात, शाळेत मार खातात आणि त्यांच्यामुळेच हे परकं गाव लंपनचं होतं. आणि सुमी. सुमीबद्दल त्याला काय वाटतं हे त्याला स्वतःलाच कळत नाही, ती जवळ असली की आत काहीतरी व्हायला लागतं एवढंच, आणि संतांनी त्याला प्रेम वगैरे नाव देण्याची घाई केलेली नाही हे फार बरं केलंय. त्या वयात नाव नसतंच त्याला. बोलतो लंपन स्वतःच, त्याच्या भाषेत, सगळं ‘मॅड’सारखं, ‘बहुतेक’चं ‘भौतेक’, आणि कुठल्याही गोष्टीला एक भलामोठा पण नेमका आकडा लावायची सवय. शारदा संगीत मधे गाण्याची शाळा येते, तिथे तर सूर ऐकून त्याच्या अंगात जे होतं ते वाचताना आपल्यालाही ऐकू येतं.

आता घराण्याबद्दल, कारण त्याशिवाय ही नोंद अर्धीच राहील. प्रकाश नारायण संत म्हणजे कवयित्री इंदिरा संत आणि लेखक ना. मा. संत यांचा मुलगा, जन्म १९३७. त्यांना आईच्या माहेरी, दीक्षितांकडे दत्तक दिलं आणि नाव झालं भालचंद्र गोपाळ दीक्षित. म्हणजे आजोळीच ते मुलगा म्हणून वाढले. जन्मदाते वडील १९४६ मधे गेले, तेव्हा हे जेमतेम नऊ वर्षांचे, आणि वडलांचं जाणं लंपनच्या कथांतही येतं. इंदिराबाईंच्या कवितेत नवरा गेल्यानंतरचा जो एकटेपणा आहे, शेला या कवितासंग्रहापासून पुढे, त्याच घरातली ही दुसरी बाजू, मुलाकडून दिसलेली. आईची कविता आणि मुलाची कथा शेजारी ठेवून वाचा, मला तरी त्यातून एकाच घराचे दोन दरवाजे उघडल्यासारखं वाटलं.

नोकरीत मात्र ते दीक्षित सर. कराडच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे. लिहिताना जन्माचं नाव लावलं, प्रकाश, आणि मधे वडलांचं नारायण. दत्तक गेलेल्या माणसाने पुस्तकावर वडलांचं नाव परत घ्यावं यात मला लंपनची अख्खी गोष्ट दिसते. सुरुवातीच्या कथा सत्यकथा मासिकात आल्या, मग कित्येक वर्षांचा खंड, आणि वनवास आलं तेव्हा ते पन्नाशी ओलांडलेले होते. तरी मुलाचा आवाज जराही म्हातारा झालेला नाही. २००३ मधे अपघातात ते गेले आणि झुंबर त्यांच्या माघारी आलं. त्यांच्या पत्नी सुप्रिया दीक्षित यांनी अमलताश नावाचं आत्मकथन लिहिलंय, त्यात संतांच्या घरातली माणसं आणि हे सगळं आयुष्य दुसऱ्या बाजूने कळतं, लंपन आवडला असेल तर ते लगेच हातात घ्यावं.

२०२४ मधे सोनी लिव्हवर लंपन नावाची मराठी वेब सिरीज आली, दिग्दर्शन निपुण धर्माधिकारी यांचं, आजीच्या कामात गीतांजली कुलकर्णी. त्याच वर्षी गोव्याच्या इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात तिला सर्वोत्कृष्ट वेब सिरीजचा पुरस्कार मिळाला. ती बघून बरीच नवी मुलं पुस्तकांकडे वळली तर फार छान होईल, पण वाचायला सुरुवात वनवास पासूनच करा, मधूनच उचललं तर आजीचं ओरडणं नुसतं ओरडणंच वाटेल.