मेन की फ्लोरिडा? उत्तर दोऱ्याला विचारावे

अमेरिकेच्या राज्यांवरील प्रश्नमंजूषेत एक प्रश्न हमखास येतो : आफ्रिकेला सर्वांत जवळचे राज्य कोणते? बहुतेक जण फ्लोरिडा म्हणतात, कारण आफ्रिका म्हटले की उष्ण प्रदेश आठवतो आणि फ्लोरिडा दक्षिणेला आहे. बरोबर उत्तर मात्र थंडीने गारठणारे, ईशान्य टोकाचे मेन हे आहे. तेथील क्वॉडी हेड या भूशिरापासून मोरोक्कोचा किनारा सुमारे ५,१०० किलोमीटरवर आहे. मायामीपासून आफ्रिकेचा सर्वांत जवळचा किनारा सुमारे ६,४०० किलोमीटर दूर पडतो. अमेरिकेचा पूर्व किनारा ईशान्येकडे तिरका जातो, त्यामुळे मेनचे टोक मायामीच्या तब्बल १३ अंश पूर्वेला आहे. शिवाय उत्तरेकडे रेखावृत्ते एकमेकांजवळ येतात : विषुववृत्तावर एक अंश रेखांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, तर ४५ अंशांवर तेच अंतर ७९ किलोमीटरांच्या आसपास भरते.

खरी गंमत पुढे आहे. अमेरिकेच्या पश्चिम टोकाच्या ऑरेगन राज्याचा किनारा आणि मेनमधील पेरी हे गाव यांना ४५ अंश उत्तर हेच अक्षवृत्त जोडते. दोहोंच्या रेखांशांत ५७ अंशांचा फरक आहे. नकाशात पेरी ऑरेगनच्या नाकासमोर पूर्वेला दिसते, म्हणून अक्षवृत्तावरून सरळ जाणे हाच जवळचा मार्ग वाटतो. तो भरतो सुमारे ४,४८० किलोमीटर. आता पृथ्वीगोलावर या दोन ठिकाणी दोऱ्याची टोके धरून दोरा ताणावा. तो अक्षवृत्तावर राहत नाही. उत्तरेकडे सरकतो, मध्यावर मिनेसोटाच्या उत्तर सीमेजवळ ४८.७ अंशांपर्यंत चढतो आणि पुढे थेट कॅनडात शिरतो.

असे का होते? अक्षवृत्ताचे केंद्र पृथ्वीच्या अक्षावर, पण तिच्या केंद्रापासून दूर असते, म्हणून ते वर्तुळ लहान आणि अधिक वाकलेले असते. ताणलेला दोरा मात्र बृहद्वृत्तावर, म्हणजे पृथ्वीचे केंद्र हेच ज्याचे केंद्र आहे अशा वर्तुळावर बसतो. गोलावर याहून मोठे वर्तुळ काढता येत नाही. जितके वर्तुळ मोठे तितका बाक कमी, आणि बाक कमी म्हणजे वळसा कमी. पृथ्वीच्या केंद्रापाशी या दोन ठिकाणांमध्ये होणाऱ्या कोनाचा कोसाइन काढायचा, तर ४५ अंशांच्या साइनचा वर्ग घ्यावा आणि त्यात ४५ अंशांच्या कोसाइनचा वर्ग गुणिले ५७ अंशांचा कोसाइन मिळवावा : ०.५ + ०.५ × ०.५४५, म्हणजे ०.७७२. कोन येतो सुमारे ३९.४ अंश, आणि दर अंशाला १११.२ किलोमीटर धरले की अंतर भरते सुमारे ४,३८५ किलोमीटर. जवळजवळ शंभर किलोमीटर वाचले!

पृथ्वी सपाट असल्याचे संदेश पुढे ढकलणाऱ्यांनी हा दोरा एकदा स्वतः ताणून पाहावा आणि मग लांब पल्ल्याच्या विमानाच्या पडद्यावरचा कमानीसारखा मार्ग पाहावा. असा सपाट नकाशा आखणाऱ्या मर्केटर या नकाशाकाराला दोष देण्याचेही कारण नाही. त्याचा १५६९ सालचा नकाशा खलाशांसाठी होता. होकायंत्राची एकच दिशा धरून जाणारा मार्ग त्यावर सरळ रेषेत उमटतो. अंतर मोजण्यासाठी तो केलेलाच नव्हता. ४५ अंशांवर त्यातील लांबी विषुववृत्ताच्या तुलनेत १.४१ पट आणि ६० अंशांवर दुप्पट ताणलेली असते. पेरीपर्यंतचा जवळचा मार्ग त्यावर विनाकारण उत्तरेला वळसा घेतल्यासारखा दिसतो, तो यामुळेच.