स्वभाव दिसतो, टँकर दिसत नाही

गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी लागोपाठ तीन दिवस उशिरा आल्या. तिसऱ्या दिवशी बेल वाजली तेव्हा माझा लॅपटॉपवर कॉल चालू होता, गॅसवर दूध होतं, आणि दार उघडता उघडता डोक्यात आलं की यांना आता कामाचा कंटाळा आलाय, दुसरं काय. त्याच आठवड्यात मी स्वतः ऑफिसला दोनदा उशिरा पोचले होते आणि दोन्ही वेळा मनापासून ट्रॅफिकला दोष दिला होता.

मी उशिरा आले तर ट्रॅफिक, त्या उशिरा आल्या तर स्वभाव. मानसशास्त्रात याला 'फंडामेंटल ॲट्रिब्युशन एरर' म्हणतात, हे नाव ली रॉस यांनी १९७७ मध्ये दिलं. समोरच्याच्या वागण्याचं खापर त्याच्या स्वभावावर फोडायचं आणि त्याची परिस्थिती हिशेबात धरायचीच नाही, अशी ही चूक. त्याच्या १० वर्षं आधी जोन्स आणि हॅरिस यांनी अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना क्यूबाचे कम्युनिस्ट नेते फिडेल कॅस्ट्रो यांच्या बाजूने आणि विरोधात लिहिलेले निबंध वाचायला दिले होते. लिहिणाऱ्याला बाजू निवडता आली नव्हती, जी दिली त्या बाजूने लिहिलंय, असं स्पष्ट सांगूनही वाचणाऱ्यांना वाटत राहिलं की कॅस्ट्रोच्या बाजूने लिहिणारा मनातून थोडा तरी कॅस्ट्रोवालाच असणार.

आता मला सगळ्यात आवडणारा प्रयोग. डॅनियल गिल्बर्ट आणि सहकारी, १९८८. लोकांना एका बाईचे मूक व्हिडिओ दाखवले, बहुतेकांत ती अस्वस्थ, चुळबुळ करणारी. आवाज नाही, पण ती कशाबद्दल बोलतेय ते खाली लिहून येत होतं. काही जणांना दिसलं की तिला स्वतःच्या लैंगिक कल्पनांसारख्या अवघडवणाऱ्या विषयांवर बोलायला लावलंय, काहींना दिसलं की विषय प्रवासासारखे साधे आहेत. मग विचारलं, ही बाई स्वभावानेच घाबरट आहे का? ज्यांना अवघड विषय दिसले त्यांनी तिला सूट दिली, असल्या विषयावर कोणीही चुळबुळेल म्हणून. इथपर्यंत सरळ आहे. पण निम्म्या लोकांना आणखी एक काम दिलं होतं, ते विषय पाठ करायचे. आणि या लोकांनी सूट दिलीच नाही, विषय काहीही असो, बाई घाबरट ती घाबरटच! गंमत बघा, परिस्थितीची माहिती त्यांच्याकडे होती, उलट पाठ केल्यामुळे ती त्यांना जास्त चांगली आठवत होती, पण ती वापरायला मेंदूला फुरसत नव्हती.

यावरून गिल्बर्ट यांनी तीन पायऱ्या मांडल्या. पहिली, वागणं काय आहे ते ओळखणं. दुसरी, त्यावरून स्वभाव ठरवणं. तिसरी, परिस्थिती बघून तो निकाल दुरुस्त करणं. पहिल्या दोन जवळजवळ आपोआप होतात, तिसरीला कष्ट लागतात आणि डोकं दुसरीकडे गुंतलेलं असेल तर आधी तीच गळते. म्हणजे निकाल आधी लागतो आणि चौकशी नंतर होते, झाली तर! एम्पथी, म्हणजे दुसऱ्याच्या जागी जाऊन त्याला समजून घेणं, हे मोठ्या मनाचं काम, ती ज्याच्याकडे असते त्याच्याकडे असते, असं आपण धरून चालतो ना, ते मला पटत नाही ते यामुळेच. कॉल, दूध आणि बेल एकाच वेळी चालू असताना माझी तिसरी पायरी गळणारच होती.

हे जगभर सारखं नसतं, हेही महत्त्वाचं. जोन मिलर यांनी १९८४ मध्ये शिकागोतल्या अमेरिकन लोकांची आणि म्हैसूरमधल्या हिंदूंची तुलना केली. लहान मुलांत फारसा फरक नव्हता, पण वय वाढत गेलं तसे अमेरिकन कारण म्हणून स्वभाव जास्त सांगायला लागले आणि म्हैसूरकर परिस्थिती, नाती, जबाबदाऱ्या. म्हणजे ही सवय बरीचशी घडवलेली असते.

पण म्हणून आपण सुटलो असं नाही. "वृश्चिक रास आहे, डूख धरणारच" हे वाक्य आपल्याकडे लग्न ठरवतानासुद्धा ऐकू येतं, आणि माणूस भेटायच्या आधीच त्याचा स्वभाव ठरवून टाकणाऱ्या या राशींना कसलाही वैज्ञानिक आधार नाही. दुसऱ्या टोकाला 'मिरर न्यूरॉन'वाले व्हिडिओ. इटलीत पार्मा इथे माकडांच्या मेंदूत अशा पेशी सापडल्या हे खरं, एखादी हालचाल स्वतः करताना आणि दुसऱ्याला करताना बघून त्या सारख्याच पेटतात. पण त्यावरून "एम्पथीचं बटन मिळालं" म्हणणं ही निव्वळ जाहिरातबाजी आहे.

मग करायचं काय? स्वतःला त्याच्या जागी ठेवून बघा, हा नेहमीचा सल्ला. एयाल, स्टेफेल आणि एप्ली यांनी २०१८ मध्ये २५ प्रयोगांतून तो तपासला, आणि नुसती कल्पना केल्याने दुसऱ्याच्या मनातलं जास्त अचूक ओळखता येतं असं काही दिसलं नाही. अंदाज सुधारला तो त्या माणसाशी बोलून, त्याला विचारून.

मी त्या दिवशी कॉल संपल्यावर विचारलं, "मावशी, काय झालं हो?" त्या भांडी घासता घासताच म्हणाल्या, "टँकर." एक दिवसाआड येतो म्हणायचं, पण नक्की कधी येईल भरवसा नाही, आला की हंडे, ड्रम, बादल्या घेऊन सगळी गल्ली पळते, आणि पाणी चुकलं तर दोन दिवस घरात थेंब नाही. त्यांच्या उजव्या तळव्यावर हंड्याच्या काठाचा लाल वळ होता, साबणाच्या फेसातून दिसत होता. माझ्यासमोर त्या तीन दिवस भांडी घासत होत्या.

आता टँकर आला की त्या मिस्ड कॉल देतात आणि नऊनंतर येतात.