संगीत व लोकव्यवहार : अध्यापनविषय (पुणे)

व्यापार, श्रम, विधी, प्रवास आणि करमणूक यांसारख्या रोजच्या व्यवहारांत संगीत कोणते काम करते आणि त्या व्यवहारांच्या गरजांमुळे संगीताचे रूप कसे ठरते, याचा निरनिराळ्या संस्कृतींची तुलना करीत विद्यार्थ्यांकडून करून घेतला जाणारा अभ्यास. रागसंगीताची गुरुशिष्य परंपरा आणि संगीत-परीक्षांची पद्धत यांहून तो वेगळा आहे. गाता-वाजवता येणे ही त्याची अट नसते, ऐकलेल्याची नोंद शिस्तीने करता येणे ही मात्र असते. पुण्यात हा विषय मुख्यत्वे संगीत, मानवशास्त्र, वाणिज्य, चित्रपट-ध्वनी व माध्यमविद्या यांच्या अध्यापनात विखुरलेल्या स्वरूपात आढळतो.

विषयाची सैद्धांतिक बैठक पाश्चात्त्य आहे. ऑस्ट्रियन विद्वान ग्विडो आडलर यांनी १८८५ मध्ये संगीतशास्त्राच्या शाखा मांडताना तौलनिक संगीतशास्त्राला (निरनिराळ्या संस्कृतींच्या संगीताची तुलना करणाऱ्या शाखेला) त्यांत स्थान दिले, आणि डच अभ्यासक याप कुन्स्ट यांनी १९५० मध्ये या शाखेसाठी पुढे रूढ झालेली ‘एथ्नोम्युझिकॉलॉजी’ ही संज्ञा वापरली. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ अ‍ॅलन मेरियम यांनी १९६४ मध्ये संगीताचा उपयोग आणि संगीताचे कार्य यांत भेद करून अशी दहा कार्ये सांगितली. दळण सोपे व्हावे म्हणून ओवी म्हणणे हा ओवीचा उपयोग. एरवी बोलता न येणारे सासर-माहेरचे बोलणे दळणाऱ्या स्त्रीला त्या निमित्ताने बोलता येणे हे ओवीचे कार्य. मराठीत अशोक दा. रानडे यांनी भारतीय संगीताच्या आदिम, लोक, भक्ती, कला, जन आणि संगम अशा सहा कोटी (वर्ग) कल्पिल्या. वर्गीकरणासाठी त्या सोयीच्या आहेत; तथापि पैशाच्या व्यवहाराशी सर्वांत निगडित असलेले बरेचसे संगीत जनसंगीताच्या एकाच कोटीत येत असल्याने, विद्यार्थ्याला प्रत्यक्ष निरीक्षणासाठी मेरियम यांचा भेद अधिक उपयोगी पडतो.

पुण्यातील या अभ्यासाचा आरंभ कोठून धरावा, याविषयी मतभेद आहेत. एक मत तो १८७४ मध्ये स्थापन झालेल्या पुणे गायन समाजापासून धरते. संगीताचे सार्वजनिक शिक्षण आणि त्याविषयीची लिखित चर्चा यांचा पाया या संस्थेने घातला, हे खरे आहे. परंतु सुशिक्षित वर्गात अभिजात संगीताची अभिरुची रुजविणे आणि त्याला प्रतिष्ठा मिळवून देणे हा तिचा मुख्य हेतू होता, आणि त्यासाठी संगीताला कलावंतिणींच्या व तमासगिरांच्या पेशापासून दूर ठेवण्याकडेच त्या काळच्या सुधारकांचा कल होता. ज्या व्यवहारापासून संगीत सोडवायचे, तोच व्यवहार प्रस्तुत विषयाचे मुख्य साहित्य आहे. भास्करबुवा बखले यांनी १९११ मध्ये पुण्यात स्थापन केलेला भारत गायन समाज आणि विनायकराव पटवर्धन यांनी १९३२ मध्ये येथे सुरू केलेले गांधर्व महाविद्यालय यांच्याबाबतही हेच म्हणावे लागते. त्यांचे कार्य मोठे आहे, पण ते गायन-वादनाच्या शिक्षणाचे आहे.

दुसरे मत आरंभ बराच मागे नेते. मतंगाच्या बृहद्देशी या ग्रंथात (काळ अनिश्चित, सामान्यतः सहावे ते नववे शतक यांदरम्यान मानतात) स्त्रिया, मुले, गुराखी आणि राजे आपापल्या प्रदेशात आवडीने गातात ते देशी, असे लक्षण आढळते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास या ग्रंथात (सु. ११२९–३१) महाराष्ट्रात स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद आहे. श्रम आणि गीत यांच्या संबंधाचा मराठी प्रदेशाविषयीचा हा फार जुना व म्हणून वारंवार उद्धृत होणारा उल्लेख होय. परंतु तो दरबारी विनोदांच्या (करमणुकीच्या प्रकारांच्या) वर्णनात ओघाने आला आहे. त्यावरून अभ्यासपरंपरा सिद्ध होत नाही; ओवीचे प्राचीनत्व तेवढे सिद्ध होते.

तिसरे मत १९८० नंतरच्या दोन घटनांवर भर देते, आणि ते अधिक ग्राह्य वाटते. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज या संस्थेचे लोक व पारंपरिक संगीताच्या ध्वनिमुद्रणांचे संग्रह व संशोधन केंद्र १९८२ मध्ये पुण्यात सुरू झाले. परदेशी संशोधकांनी भारतात केलेली ध्वनिमुद्रणे परदेशातील संग्रहांतच राहत; त्यांच्या प्रती येथे आणून अभ्यासकांना उपलब्ध करणे हा त्याचा एक हेतू होता. हे केंद्र पुढे दिल्ली परिसरात हलविण्यात आले. त्याच सुमारास ग्वी पॉतवँ (मृत्यू २००४) व हेमा राईरकर (मृत्यू २०१०) यांनी पुण्यातील आपल्या सामाजिक संशोधन संस्थेमार्फत जात्यावरच्या ओव्यांचे संकलन सुरू केले. मुळशी-मावळाच्या डोंगराळ भागातील संघटनकार्यातून निघालेल्या या उपक्रमात हजाराहून अधिक गावांतील एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. १९९० च्या दशकात बर्नार बेल यांच्या साहाय्याने ध्वनिमुद्रणेही झाली. संकलनात गावांतील स्त्री-कार्यकर्त्यांचा सहभाग होता आणि ओवीबरोबर गाणारीचे नाव व गाव नोंदविण्याचा आग्रह होता, हे पद्धतीच्या दृष्टीने महत्त्वाचे. पिठाच्या गिरण्या आल्यावर जाते मागे पडले आणि ओवीचा उपयोग संपत आला, तरी स्मरणात तिचे कार्य काही काळ टिकले, असा निष्कर्ष या सामग्रीवरून काढता येतो.

विद्यापीठीय पातळीवर पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र (स्थापना १९८७) आणि ध्वनीच्या तांत्रिक अंगासाठी फिल्म इन्स्टिट्यूट (स्थापना १९६०) यांचा निर्देश करावा लागतो. राजा दिनकर केळकर संग्रहालयातील वाद्यसंग्रह वस्तुपाठासाठी उपयुक्त आहे.

पुणे जिल्ह्यात या विषयाची सर्वांत समृद्ध क्षेत्रीय सामग्री जुन्नर तालुक्यातील नारायणगाव येथे मिळते. गुढीपाडव्याच्या सुमारास तेथे तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे यात्रा समितीचे लोक येऊन फडमालकाशी वा त्याच्या व्यवस्थापकाशी बोलणी करतात, तारीख, रक्कम व अटी ठरतात आणि विसार देऊन सुपारी पक्की होते. जत्रा बहुतेक ठरावीक तिथींना असल्याने आणि एकाच तिथीला अनेक गावांत जत्रा येत असल्याने रकमेत मोठा फरक पडतो. पीकपाणी, निवडणुका आणि परीक्षा यांचाही दरावर परिणाम होतो. वाणिज्याच्या विद्यार्थ्याला मागणी, पुरवठा व हंगाम यांचा धडा येथे जिवंत पाहता येतो आणि संगीताच्या विद्यार्थ्याला गण, गौळण, बतावणी, वग यांचा जुना क्रम सुपारी देणाऱ्याच्या आवडीनुसार कसा आखडतो, हे कळते. पुणे–सोलापूर मार्गावरील चौफुला येथील कला केंद्रांतील संगीत बारीचे (बैठकीत लावणी सादर करण्याच्या प्रकाराचे) अर्थकारण याहून निराळे असते. तेथे गिऱ्हाईक बैठकीचे पैसे देते, लावणी निवडते आणि दौलतजादा (खूश होऊन कलावंताला दिलेले पैसे) वेगळा होतो.

शहरातील ढोल-ताशा पथके हे दुसरे उदाहरण. गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीत पूर्वी मुळशी, मावळ भागांतील गावांची ढोल-लेझीम पथके येत. विद्यार्थ्यांची व मध्यमवर्गीय तरुणांची पथके त्यानंतरची असून त्यांच्या आरंभाचे श्रेय सामान्यतः ज्ञान प्रबोधिनीकडे दिले जाते. येथे वादक बहुधा हौसेने वाजवितात, मानधन पथकाला मिळते. लग्नाच्या वरातीतील बँडवाल्यांचे मात्र तेच पोट आहे. मिरवणूक तीच आणि रस्ताही तोच असताना एकाला प्रतिष्ठा आणि दुसऱ्याला केवळ बिदागी का मिळते, हा प्रश्न वर्गात टाळण्याची प्रवृत्ती दिसते. तो टाळू नये. बलुतेदारीत देवळापुढे वाजविणारा गुरव आणि हलगी वा सनई वाजविणारा मांग यांना धान्याच्या रूपाने मोबदला मिळे, परंतु त्यांच्या वाजविण्याचा मान एक नव्हता, त्र्यं. ना. आत्रे यांच्या गावगाडा (१९१५) या ग्रंथाच्या आधारे त्या व्यवस्थेचा अभ्यास करता येतो.

बाजारपेठेत संगीताचा हेतुपुरस्सर वापर कसा होतो, याविषयी प्रायोगिक पुरावा मुख्यतः पाश्चात्त्य आहे. रॉनल्ड मिलिमन यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील एका सुपरमार्केटच्या अभ्यासात, जलद लयीच्या तुलनेत संथ लयीच्या संगीतात ग्राहक सावकाश चालले आणि विक्री सुमारे ३८ टक्क्यांनी अधिक झाली. ब्रिटनमधील १९९७ च्या एका प्रयोगात फ्रेंच संगीत लावले असता फ्रेंच, तर जर्मन संगीत लावले असता जर्मन वाइन अधिक खपली. संगीताचा आपल्यावर परिणाम झाला, हे बहुतेक ग्राहकांनी मान्य केले नाही. हे आकडे लक्ष्मी रस्त्याला जसेच्या तसे लावणे धाडसाचे ठरेल, कारण दसरा-दिवाळीच्या गर्दीत ग्राहकाची चाल संगीताने नव्हे, गर्दीने ठरते. विद्यार्थ्यांनी प्रयोगाची रचना घ्यावी, निष्कर्ष स्वतः तपासावा.

तुलनेसाठी काही उदाहरणे ठरून गेलेली आहेत. दुसऱ्या महायुद्धात बीबीसीने जून १९४० पासून कारखान्यांतील कामगारांसाठी खास संगीत प्रसारित केले. घानाच्या विद्यापीठातील टपाल कचेरीत तिकिटांवर शिक्के मारताना शिट्टी व ठोके यांची जुळणी करणाऱ्या कर्मचाऱ्यांचे १९७५ मधील ध्वनिमुद्रण वर्गात विशेष वापरले जाते. टोकियोच्या शिंजुकू व शिबुया स्थानकांवर १९८९ मध्ये कर्कश घंटेऐवजी गाडी सुटण्याच्या धुनी आल्या. तैवानमध्ये कचरागाडी पाश्चात्त्य पियानोसंगीतातील धून वाजवीत येते. आपल्याकडील घंटागाडीच्या गाण्याशी तिची तुलना विद्यार्थी स्वतःहूनच करतात.

संगीत हे विक्रीयोग्य वस्तू झाल्यावर त्याचे रूप बदलते, याचे भारतीय उदाहरण ध्वनिमुद्रिकांचे. १९०२ मध्ये कोलकात्यात गौहरजान यांच्या गायनाचे मुद्रण झाले, तेव्हापासून तबकडीच्या सुमारे तीन मिनिटांत राग मांडण्याची रीत गायकांना घडवावी लागली. त्यापूर्वी, ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात संगीत शाकुंतलाचा प्रयोग होऊन तिकिटावर चालणाऱ्या संगीत रंगभूमीने पदांना बाजार मिळवून दिला होता; नाट्यपदांच्या तबकड्या पुढे त्याच मागणीवर खपल्या.

कायद्याच्या बाजूने दोन तरतुदी शिकवाव्या लागतात. स्वामित्व हक्क (कॉपीराइट) अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ नुसार खऱ्याखुऱ्या धार्मिक समारंभातील वादनाला परवान्याची गरज नसते, आणि त्यात लग्नाची वरात व लग्नाशी निगडित सामाजिक समारंभ येतात. हॉटेल व दुकाने यांना ही सवलत नाही. सवलतीच्या व्याप्तीविषयी केंद्र सरकारने २०२३ मध्ये जाहीर सूचना काढली, तरी वाद न्यायालयांत जात राहिले. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार दिवसाची मर्यादा व्यापारी भागात ६५ आणि निवासी भागात ५५ डेसिबल असून, ध्वनिवर्धकांना एरवी असलेली रात्री १० नंतरची बंदी सण-उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस १२ वाजेपर्यंत शिथिल करता येते. पेठांमध्ये दुकान खाली आणि बिऱ्हाड वर असल्याने कोणती मर्यादा लागू करायची, हा प्रश्न येथे प्रत्यक्षात उद्भवतो.